पेटीतल्या कॅसेटी: अमानत वेळेत उतरवून घ्या



शाबान लागला की आपल्याकडे घराची झाडलोट सुरू होते. माळ्यावरची पेटी खाली येते. गोधड्या, पितळी भांडी, जुन्या पावत्या यांच्याखाली दोन-चार व्हिडिओ कॅसेटी निघतात. कुणाचा निकाह, कुणाचा वलीमा, कुणा बाळाची बिस्मिल्लाह, हजला निघालेल्या दादा-दादीला स्टेशनवर दिलेला निरोप. लेबलावरची अक्षरे पुसट झालेली असतात. घरातले कुणीतरी विचारते, "आता हे पाहायचे कशावर?" उत्तर कुणाकडेच नसते. पेटी पुन्हा वर जाते.

यंदा ती पेटी परत वर चढवू नका, हे सांगण्यासाठी या महिन्याचा लेख.

तस्वीर आणि व्हिडिओ यांबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत, हे ठाऊक आहे. त्या वादात मी शिरत नाही, तो माझा अधिकार नाही. ज्या घरात चित्रीकरण झालेलेच आहे आणि कॅसेट पेटीत पडलेली आहे, त्या घराने आता काय करावे, एवढाच इथला विषय.

घाई कशासाठी?

कॅसेट म्हणजे प्लास्टिकची लांब पट्टी. तिच्यावर चुंबकीय कणांचा पातळ थर एका चिकट पदार्थाने बसवलेला असतो. आपले सगळे चित्र आणि आवाज त्या कणांत असतो. हा चिकट पदार्थ हवेतला ओलावा शोषतो. वर्षे गेली की थर चिकट होतो किंवा सुटू लागतो आणि चालवताना मशीनच्या हेडला माखतो. ओल जास्त असेल तर पट्टीच्या कडेला पांढरी बुरशी धरते.

आपला वडसा परिसर म्हणजे वैनगंगेचा काठ आणि धानाची बांधी. पावसाळ्यात कपाटातले कपडेही ओलसर लागतात. उन्हाळ्यात टीनाच्या पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो. कॅसेटीला या दोन्ही गोष्टी घातक. ऑगस्ट 2020 च्या शेवटी वैनगंगेला आलेला पूर आपण विसरलेलो नाही. पुरात भिजलेल्या धान्याचा आणि पडलेल्या भिंतीचा पंचनामा होतो. भिजलेल्या कॅसेटीचा पंचनामा कुणी करत नाही.

दुसरी अडचण मशीनची. व्हीएचएस ही मोठी कॅसेट 1976 मध्ये जपानच्या जेव्हीसी कंपनीने बाजारात आणली. आपल्या देशात 1982 च्या दिल्ली एशियाडच्या वेळी दूरदर्शन रंगीत झाले आणि त्यानंतर व्हीसीआर घरोघरी पोचू लागला. लग्नाची शूटिंग ही रीतच झाली. पण व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई ही शेवटची मोठी कंपनी. तिनेही जुलै 2016 मध्ये उत्पादन थांबवले. म्हणजे आता मिळेल तो व्हीसीआर जुनाच, आणि त्याचे सुटे भाग दुसऱ्या जुन्या मशीनमधून काढलेले. 2019 मध्ये युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने ध्वनी-चित्र संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर जगभर इशारा दिला होता, की चुंबकीय टेप नेहमीच्या पद्धतीने चालवणे 2025 च्या सुमारास संपत येईल. तो इशारा मोठ्या संग्रहालयांसाठी होता. पण आपल्या पेटीतली पट्टीही त्याच जातीची आहे.

त्या पट्टीत काय असते?

आपले गाव झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. धान निघाले, दिवाळी झाली की होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटके चालतात आणि त्यांची बुकिंग वडशातून होते. 2023 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातले झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. नाटक छापून ठेवता येते. नटाने एखादे वाक्य कसे म्हटले, ते मात्र चित्रीकरण असेल तरच पुढच्या पिढीला कळते.

घरचेही तसेच आहे. निकाहनामा कागदावर राहतो. मेहर किती, गवाह कोण, सारे त्यात असते. रुखसतीच्या वेळी नानीने डोक्यावर हात ठेवून काय दुआ दिली, ते कोणत्याच कागदावर नसते. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवताना मला एक गोष्ट जाणवते. आपल्या घरांतली उर्दू पुस्तकातली नाही. तिच्यात झाडीबोलीचे शब्द आहेत, आपल्या बायाबापड्यांचे खास हेल आहेत. ती उर्दू बोलणारी पिढी एकेक करून उठून चालली आहे. त्यांचा आवाज ज्या पट्टीवर आहे ती पट्टी निव्वळ 'शूटिंग' नाही.

सूरह निसामध्ये अमानती ज्यांच्या त्यांना पोचवण्याचा हुकूम आहे. दादीचा आवाज ही नातवंडांची अमानत समजली, तर हे काम पुढे ढकलण्याचे राहत नाही.

आधी ओळख, मग काम

कॅसेटी बाहेर काढल्या की पहिल्यांदा त्यांचे प्रकार वेगळे करा.

पुस्तकाएवढी मोठी काळी कॅसेट म्हणजे व्हीएचएस. खांद्यावरच्या मोठ्या कॅमेऱ्याने केलेली लग्नाची शूटिंग बहुतेक यातच मिळे. गाण्याच्या कॅसेटएवढी पण जाडसर असेल तर ती 8 मिलिमीटरची, हँडीकॅमची. आखाती देशांत नोकरीला गेलेले मामू-चाचू असले कॅमेरे घेऊन येत. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, चपटी असेल तर ती मिनी डीव्ही. ही 1995 नंतरची, आणि हिच्यात चित्र आकड्यांच्या रूपात, म्हणजे डिजिटल असते. याशिवाय सीडी, डीव्हीडी आणि कॅमेऱ्याची मेमरी कार्डे.

प्रत्येक कॅसेटवर पेन्सिलीने क्रमांक घाला आणि वहीत यादी करा. नंतर वास घ्या, खिडकीतून पट्टी पाहा. कुबट वास किंवा पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट मशीनमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीही खराब करते. तिला वेगळ्या पिशवीत ठेवा, ती जाणकाराचे काम आहे. ओलसर कॅसेट उन्हात वाळवू नका. कोरड्या खोलीत उभी करून काही दिवस ठेवा.

एक काम कधीही विसरू नये. व्हीएचएसच्या पाठीवरची छोटी प्लास्टिकची टिकली तोडा, मिनी डीव्हीची सरकपट्टी 'सेव्ह' कडे करा. मग चुकून बटण दाबले गेले तरी जुन्यावर नवे रेकॉर्डिंग होत नाही.

मोठी कॅसेट आणि 8 मिलिमीटर

यासाठी तीन गोष्टी लागतात: चालू व्हीसीआर किंवा तोच हँडीकॅम, संगणक, आणि दोघांना जोडणारे यूएसबी कॅप्चर यंत्र. हे यंत्र बोटभर असते आणि स्वस्तात मिळते. व्हीसीआरच्या मागची पिवळी वायर चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. मशीनला एस-व्हिडिओची गोल पिन असेल तर पिवळीऐवजी ती वापरा, चित्र जास्त स्वच्छ येते. संगणकावर ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर चालते.

मशीन आणले की आधी तिच्यात एखादी बिनकामाची सिनेमाची कॅसेट चालवून पाहा. ती गुंडाळून खाल्ली नाही तर पुढे जा. घरची कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा. वर्षानुवर्षे एकाच ताणात बसलेली पट्टी मोकळी होते. संगणकावर चित्राची पद्धत 'पाल' निवडा, आकार 720 बाय 576, सेकंदाला 25 चित्रे. भारतात आणि आखाताच्या बऱ्याच भागात हीच पद्धत होती. अमेरिकेतून आलेली कॅसेट असेल तर 'एनटीएससी' निवडा. चुकीची पद्धत निवडली तर चित्र काळे-पांढरे दिसते किंवा उड्या मारते. पुष्कळ जण इथेच "कॅसेट खराब झाली" म्हणून सोडून देतात.

सुरुवातीला पाच मिनिटांचा तुकडा उतरवा, थांबा, आणि तो संगणकावर चालवून पाहा. आवाज आला का? ओठ आणि आवाज जुळतात का? मगच पूर्ण कॅसेट लावा. तीन तासांची कॅसेट उतरायला तीनच तास लागतात, इथे घाई चालत नाही. साधारण चांगल्या दर्जाला एका तासाला 3 जीबीच्या आसपास जागा धरा. आपल्याकडच्या विजेचा भरवसा नसतो, म्हणून लॅपटॉप आणि मशीन दोन्ही इन्व्हर्टरवर असलेले बरे.

मिनी डीव्ही

हिची गोष्ट वेगळी आहे. यातले चित्र आधीच डिजिटल असल्याने ते पुन्हा रेकॉर्ड करायचे नसते, जसेच्या तसे संगणकात ओढून घ्यायचे असते. त्यासाठी फायरवायरची वायर लागते. सोनीच्या कॅमेऱ्यावर तिलाच 'आय-लिंक' लिहिलेले असते. या कॅमेऱ्यांना यूएसबीचे भोकही असते, पण तिथून बहुधा फोटो किंवा हलक्या दर्जाचे चित्रच मिळते. नव्या लॅपटॉपला फायरवायर नसते. जुना डेस्कटॉप असेल तर त्यात फायरवायरचे कार्ड बसवता येते. गावात एखाद्या फोटो स्टुडिओत जुना संगणक धूळ खात पडलेला असतो, विचारून पाहा. एका तासाला सुमारे 13 जीबी जागा लागते. म्हणजे 1 टीबीच्या हार्ड डिस्कवर 70 तासांहून अधिक मावते. एवढा साठा कुणाच्या घरी नसतो.

सीडी आणि कार्ड

लग्नाच्या व्हिडिओ सीडी पाहून लोक निश्चिंत असतात: "ते तर सीडीवर आहे." पण सीडीही कायमची नाही. ओरखडे पडतात, वरचा चंदेरी थर सुटतो. तिच्यावरून रेकॉर्डिंग करायची गरज नाही, फाइल सरळ कॉपी करा. व्हिडिओ सीडीत 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये मोठी फाइल असते, डीव्हीडीत 'व्हिडिओ टीएस' हा फोल्डर असतो. तो पूर्ण घ्या. मेमरी कार्डाच्या कॅमेऱ्यातूनही सुट्या फाइली उचलू नका. लांब चित्रीकरणाचे कॅमेरा स्वतःच तुकडे करतो आणि त्यांचा हिशेब शेजारच्या फाइलींत ठेवतो. कार्डावरचे सगळे फोल्डर आहेत तसे एका ठिकाणी कॉपी करा, चालवून पाहा, आणि नंतरच कार्ड मोकळे करा.

दुकानात देताना

ज्यांना हे घरी जमणार नाही, ते कॅसेट दुकानात देतील. नागपूरला तर हे काम सर्रास करून मिळते. त्यात गैर काही नाही. पण जरा विचार करा. कॅसेट उतरताना ती पूर्ण वेळ पडद्यावर चालते. मेंदीची रात्र, बायकांच्या मांडवातला हसणे-खिदळणे, गाणी, दुपट्टा बाजूला झालेल्या खाला आणि फूफी, हे सारे दुकानात बसलेला कुणीही पाहू शकतो. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी इजाजत घेण्याची शिकवण आहे. बायकांच्या मांडवाची कॅसेट परक्याच्या हाती देणे म्हणजे त्या सगळ्याजणींच्या घरांचे दार आपण परस्पर उघडून देणे. त्यांना विचारले कुणी?

म्हणून दुकानदाराशी आधी बोलून घ्यावे. कॅसेटींची संख्या आणि क्रमांक पावतीवर लिहून घ्यावेत. आपली हार्ड डिस्क आपण न्यावी, काम तिच्यावरच करावे. दुकानातल्या संगणकावरची प्रत आपल्यासमोर पुसावी. नमुना म्हणून कुठेही दाखवू नये, कोणत्याही चॅनेलवर टाकू नये. मूळ आवाज काढून त्यावर सिनेमाचे गाणे चढवू नये. मूळ कॅसेट परत द्यावी. शक्य असेल तर घरातले एक माणूस काम होईपर्यंत तिथे बसावे. जो दुकानदार या गोष्टींना हसेल, त्याच्याकडून कॅसेट परत घ्यावी. बायकांच्या कॅसेटींसाठी घरातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीनेच हे काम शिकून घेतले तर सर्वांत उत्तम. दोन दिवसांत जमते.

उतरवल्यानंतर

फाइल संगणकात आली की पहिला मोह होतो स्टेटसला ठेवण्याचा. तो आवरा. त्या चित्रातली एखादी मुलगी पुढे वेगळी झाली असेल, तिचा दुसरा निकाह झाला असेल. एखादीने नंतर पर्दा सुरू केला असेल. एखाद्या घराने नुकतेच माणूस गमावले असेल, आणि मरहूमचा चेहरा असा अचानक फोनवर पाहून त्यांच्यावर काय गुजरेल? वीस वर्षांपूर्वी त्यांनी कॅमेऱ्यासमोर बसायला होकार दिला होता. तो होकार गावभर दाखवण्याचा नव्हता. ज्याचा चेहरा, त्याची परवानगी. ज्या बहिणीचा तलाक झाला, तिच्या निकाहाच्या कॅसेटीचे काय करायचे ते तिलाच ठरवू द्या. ती नको म्हणाली तर विषय संपला. मात्र त्याच कॅसेटीत तिच्या मरहूम अब्बांचा आवाज असू शकतो, तेवढा तुकडा वेगळा काढून हवा का, हे तिला जरूर विचारा.

नातेवाइकांना पाठवायचे तर पेन ड्राइव्हवर द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आक्रसतो, दर्जा जातो, आणि तो पुढे कुणाकडे जाईल ते आपल्या हाती राहत नाही.

फाइलला 'निकाह 1', 'नवीन फोल्डर 3' अशी नावे देऊ नका. साल, महिना, प्रसंग, गाव, या क्रमाने लिहा. प्रती तीन ठेवा: एक संगणकात, एक हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी, विवाहित मुलीकडे किंवा भावाकडे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला 8 जानेवारी 2003 रोजी आग लागली आणि तिथल्या जुन्या नायट्रेट फिल्मा जळाल्या. एवढ्या मोठ्या संस्थेत हे होऊ शकते, तर आपल्या एका कपाटाची काय कथा! हार्ड डिस्कही अमर नसते. वर्षातून एकदा, म्हणा याच शाबानच्या झाडलोटीत, ती जोडून फाइली उघडून पाहाव्यात. आणि मूळ कॅसेट फेकू नका. कोरड्या डब्यात, उभी, स्पीकरपासून दूर ठेवा.

सर्वांत महत्त्वाचे काम

कॅसेट जेवढ्या तासांची तेवढेच तास लागतात, याची लोक तक्रार करतात. मला ती सवलत वाटते. ते तीन तास घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला शेजारी बसवा. अम्मी असो, दादी असो, मोठे अब्बा असोत. चित्र चालू राहू द्या आणि वही घेऊन एका मुलाला बसवा. हिरव्या साडीतली बाई कोण? गवाह म्हणून सही करतात ते कोण, कोणत्या गावचे? विहिरीजवळचे ते घर आता कुणाकडे? कोणत्या मिनिटाला कोण दिसते, ते लिहून घ्या. तुमच्या पिढीला निम्मे चेहरे ओळखू येत नाहीत, तुमच्या मुलांना एकही येणार नाही. नाव माहीत नसलेला चेहरा कितीही स्वच्छ उतरला तरी घरासाठी तो अनोळखीच. मशीन आज ना उद्या कुठेतरी सापडेल. नावे सांगणारे माणूस सापडणार नाही.

ऐकताना वडीलधाऱ्यांचे डोळे भरून येतील. चित्र थांबवा, पाणी द्या. पडद्यावरच्या ज्या माणसांचा इंतकाल झाला आहे त्यांच्यासाठी मगफिरतची दुआ करा, मग पुढे चालवा. एका बैठकीत पूर्ण झाले नाही तरी हरकत नाही.

तर रमजानुल मुबारकचा चांद दिसण्याआधी एवढे करू या: पेटी खाली काढणे, कॅसेटींना क्रमांक घालणे, यादी करणे, आणि सर्वांत जुन्या माणसाचा आवाज असलेली कॅसेट सर्वांत आधी उतरवणे. बाकीच्या ईदनंतर होतील, इन्शाअल्लाह.

अल्लाह आपल्या सर्व मरहूमीनची मगफिरत करो. आमीन.